महिन्यातून सहा दिवस येणारा सूर

शेवटी मिक्सर पास झाला, मी नोकरीत कायम झाले आणि मुकादमचाचांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली. आता यातलं काहीही झालेलं नाही असं धरून चला. कारण आठ वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, माझ्यासमोरच्या पडद्यावर फक्त एक काडी उभी होती आणि तिचं काय करायचं हे अख्ख्या रत्नागिरीत कुणाला माहीत नव्हतं.

“सर, परत आली,” मी म्हटलं.

बेर्डे सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आमच्या एमआयडीसीत दुपारी दोन ते तीन डोळे मिटून बसण्याला विचार करणं म्हणत.

“कोण आली?”

“काडी. सोळाशे किलोहर्ट्झच्या जरा खाली. मागच्या बुधवारी होती तीच.”

“सिम्युलेशनमध्ये आहे?”

“नाही.”

“मग नाहीये,” सर म्हणाले आणि पुन्हा विचार करू लागले.

आमची कंपनी मासेमारीच्या बोटींसाठी रेडिओ रिसीव्हर बनवायची. त्यातला मिक्सर माझ्याकडे होता. चार डायोड आणि नखाएवढे दोन ट्रान्सफॉर्मर, एवढाच त्याचा जीव. एका बाजूने समुद्रावरून आलेला अशक्त सूर आत जातो, दुसऱ्या बाजूने रिसीव्हरने स्वतःच तयार केलेला ठणठणीत सूर जातो, आणि तिसऱ्या बाजूने त्या दोघांमधलं अंतर बाहेर पडतं. पुढचं सगळं यंत्र मूळ सूर ऐकतच नाही, फक्त अंतर ऐकतं. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “म्हणजे आपल्या खातू मंडळींसारखं.”

बेर्डे सरांचा एकच नियम होता. कोणतीही गोष्ट आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये दिसली पाहिजे, मगच ती घडली असं मानायचं. एकदा पॉवर सप्लायमध्ये पाल चिकटून मेली, तेव्हाही सरांनी आधी पालीचा रेझिस्टन्स किती धरायचा ते विचारलं होतं. मी अंदाजे तीनशे किलोओहम सांगितला. सिम्युलेशनमध्ये फ्यूज उडाला, मग सरांनी पाल काढायची परवानगी दिली.

माझे उमेदवारीचे सहा महिने संपायला पाच आठवडे उरले होते. मिक्सरचा अहवाल गेला तर मी कायम, नाही तर चिपळूणला परत जाऊन चुलतभावाच्या मोबाइल दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवायचे, असं घरी ठरलं होतं. चुलतभावाने स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

काडीच्या सवयी विचित्र होत्या. मोजणीयंत्राच्या पडद्यावर एरवी सगळा गोंगाट हिरव्या गवतासारखा खाली हलत असायचा आणि दुपारी दोनला त्या गवतातून ती सरळ वर यायची, बारीक, न थकता उभी राहायची. चारला मावळायची. रोज नाही. महिन्यातून साधारण सहा दिवस. मी वहीत तारखा लिहून काढल्या, त्या भरती-ओहोटीशी लावून पाहिल्या, तिथींशी लावून पाहिल्या, वीज जाण्याच्या वेळापत्रकाशी लावून पाहिल्या. एकादशीशी दोनदा जुळलं म्हणून मी तिसऱ्या एकादशीला सकाळपासून डोळे लावून बसले. ती आली नाही. मला उगाच उपास घडला.

दुपारची ती लॅब म्हणजे पाण्याखालची खोली होती. एसीची घरघर, जांभ्या दगडाच्या भिंती, पडद्याचा हिरवा उजेड सरांच्या कपाळावर. कधी कधी वाटायचं की काडी पडद्यावर नाहीच, मीच झोपले आहे आणि ती माझ्या झोपेत उगवली आहे. मग मी उठून स्टोअरमध्ये फेराइटचे मणी आणायला जायची. ट्रान्सफॉर्मर त्या मण्यांवरच हाताने तार गुंडाळून करावे लागत.

स्टोअर पलीकडेच होतं. मुळात लॅब म्हणजे स्टोअरचाच अर्धा भाग. मध्ये प्लायवुडची भिंत घातली होती, पण लांबलचक खिडकी होती ती एकच, त्यामुळे खिडकीचे आडवे गज भिंतीला न जुमानता इकडून तिकडे गेलेले. स्टोअरमध्ये मुकादमचाचा बसत. साठीला आलेले, ओठावर पांढरी मिशी, खिशाला चार पेनं. मिरकरवाड्याहून सायकलने येत.

“किती मणी?” ते विचारत.

“दोन.”

“कालपण दोन नेलेस गो बाय. खातेस काय?”

“एक फुटला.”

“फुटका आण, मग नवा देईन. स्टोअर आहे हे, आजोळ नाही.”

त्या काडीच्या दिवसांत मात्र स्टोअरचं दार दुपारी आतून बंद असायचं. बाहेर पुठ्ठ्याची पाटी लटकायची: ‘मालमोजणी चालू आहे.’ ही गोष्ट मला पाच महिने दिसत होती. मी इंजिनिअर असल्यामुळे तिचा काडीशी संबंध लावला नाही.

शेवटी मी एक चूक केली. ती चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. काडी सिम्युलेशनमध्ये नाही म्हणून सर ती मानत नाहीत, आणि सर मानत नाहीत तोवर अहवालाला ‘बेंच आणि सिम्युलेशन जुळतात’ हा शेरा मिळत नाही. बेंच म्हणजे टेबलावर मांडलेलं खरं यंत्र. मग मी ती सिम्युलेशनमध्येच घातली. सर्किटच्या एका कोपऱ्यात एक छोटासा सूर देणारा स्रोत बसवला, त्याचं नाव ठेवलं ‘भूत’, आणि शून्य दशांश तीन पिकोफॅरडच्या कपॅसिटरने तो मिक्सरला जोडला. हा कपॅसिटर जगात कुठेही नव्हता. बटण दाबलं. कॉम्प्युटरवर तीच काडी, त्याच जागी, त्याच उंचीची.

सरांनी विचार करणं थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

“जुळलं,” ते हळूच म्हणाले. “बघ, सिम्युलेशन नीट केलं की जग सरळ येतं.”

“सर, हे भूत मी—”

“त्याला ‘अंगभूत परिणाम’ म्हण. भूत बरं दिसत नाही.”

अहवाल गेला. त्यात लिहिलं होतं: ‘सदर सूर मिक्सरमध्ये अंगभूत असून त्यापासून बोटीस धोका नाही.’ खाली माझी सही. चोवीस तारखेला ग्राहकाचे तपासनीस येणार होते, अहवालातला आलेख बेंचवर दिसतो का ते पाहायला.

त्या दिवसापासून काडी गायब झाली.

नऊ दिवस गवत नुसतं हलत राहिलं. कॉम्प्युटरवर मात्र ती इमानेइतबारे उभी होती, कारण मीच तिला उभं केलं होतं.

“सर, बेंचवर सूर नाहीये.”

“मग बेंच बिघडलंय.”

“सर, सूर नसणं चांगलंच ना?”

“खातू, तपासनीस काय बघणार? अहवालात आहे ते यंत्रात आहे का. अहवालात सूर आहे. यंत्रात नसला तर यंत्र सदोष.” सरांनी चष्मा पुसला. “चोवीसपर्यंत दोष परत आण.”

“आणि नाही आला तर?”

“तर अहवाल खोटा. सही कोणाची आहे?”

स्क्रीनगार्ड चिकटवताना हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून जुनं एटीएम कार्ड फिरवतात, हे मला तेव्हाच माहीत होतं. त्या रात्री मी स्वप्नात कार्ड फिरवत होते आणि काचेखालून एक काडी बाहेर यायला बघत होती.

दहाव्या दिवशी, दोनच्या ठोक्याला, ती उगवली. मी या वेळी पडद्यासमोर बसले नाही. तारेचं वेटोळं मोजणीयंत्राच्या लांब केबलला जोडलं आणि वास काढणाऱ्या कुत्र्यासारखी ते घेऊन खोलीभर फिरले. सरांच्या खुर्चीपाशी काडी बारीक झाली, टेबलाखाली आणखी बारीक. खिडकीच्या गजापाशी नेलं तर दुप्पट. गजाच्या टोकाला, प्लायवुडच्या फटीत, एक निळी तार बांधलेली दिसली. ती पलीकडे स्टोअरमध्ये गेली होती.

मी प्लायवुडला कान लावला. आत अगदी बारीक आवाजात एक बाई बोलत होती. फणसाच्या आठळ्यांची आमटी कशी करावी ते सांगत होती. आवाज असा होता की मला आठळ्या आवडत नसूनही मी शेवटपर्यंत ऐकलं.

मग वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटातही एक मिक्सर असतो, त्याला लागणारा सूर तो सेट स्वतःच तयार करतो, ऐकायच्या केंद्रापेक्षा चारशे पंचावन्न किलोहर्ट्झ वर. तो सूर थोडाफार बाहेर सांडतोच. काडी होती पंधराशे अठ्ठ्याण्णववर. वजा चारशे पंचावन्न. अकराशे त्रेचाळीस. आमचं रत्नागिरी आकाशवाणी.

म्हणजे माझ्या मिक्सरमध्ये काही खोट नव्हती. तो पहिल्या दिवसापासून फक्त शेजारच्या मिक्सरचं बोलणं ऐकत होता.

चार वाजता पाटी निघाली तेव्हा मी दारात उभी होते.

“चाचा, तुमचा रेडिओ.”

“कोणता रेडिओ?”

“ज्याची एरियल गजाला बांधली आहे तो.”

त्यांनी गजाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. “ती कपडे वाळत घालायची तार.”

“स्टोअरमध्ये?”

“फडकी वाळवतो.”

“चाचा, मी कोणाला सांगणार नाही.”

ते बराच वेळ मणी मोजत राहिले. कंपनीचं परिपत्रक माझ्याइतकंच त्यांनाही पाठ होतं: आवारात कोणतेही रेडिओ उपकरण चालवण्यास मनाई आहे. त्यांनी कुलूप काढून कपाटातला सेट दाखवला. चामड्याच्या पिशवीतला, पिशवीला ठिकठिकाणी सुतळीचे टाके.

“शमीमची ड्युटी असते,” ते म्हणाले. “माझी पोरगी. आकाशवाणीत हंगामी निवेदिका. महिन्याला सहा ड्युट्या.”

“मग घरी का नाही ऐकत? अभिमानाने ऐका की.”

“घरी आम्ही बोलत नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. पतपेढीतली कायमची नोकरी सोडून ही तिकडे गेली, महिन्यातून सहा दिवस बोलायला. मी म्हटलं, जा, पण मी तुझा एक शब्द ऐकणार नाही. आता म्हटलं तर म्हटलं.” त्यांनी पिशवीचं बटण लावलं. “मीठ पाहिजे तर मी हिच्या आईला सांगतो, आई तिला सांगते. घरी रेडिओ लावला तर माझी जबान काय राहिली?”

“चाचा, चोवीस तारखेला दुपारी मला तुमचा रेडिओ लावून पाहिजे. नाही तर माझी नोकरी जाते.”

मी सगळं सांगितलं, भुतासकट. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यावर सहा तारखांना पेन्सिलीने बारीक टिंबं होती.

“चोवीसला तिची ड्युटी नाही.”

“ड्युटी कशाला पाहिजे? सूर तुमच्या सेटमधून येतो. काटा तिथे ठेवा, कोणीही बोलत असू दे.”

“दुसऱ्या कोणाचं मी का ऐकू?”

“ऐकू नका. आवाज शून्य करा.”

“रेडिओ लावायचा आणि बोलणाऱ्याचं तोंड दाबायचं?” ते खरंच दुखावले. “असली कामं माझ्याकडून होणार नाहीत, बाय. बेर्डेला सांगायचं तर सांग. सेट घेऊन जातील, न्या म्हणावं.”

बेर्डे सरांना सांगितलं असतं तर मी वाचले असते, निदान अर्धी. सूर बाहेरचा, मिक्सर निर्दोष, अहवाल मागे घ्यायचा, माफी मागायची. रेडिओ मात्र त्याच संध्याकाळी गेटबाहेर गेला असता आणि चाचांना जगात मुलीचा आवाज ऐकायला एकही जागा उरली नसती. आमच्याकडे सूर तयार करणारं एक यंत्रही होतं, पण एकच, आणि तपासणीत तेच वापरायचं होतं. मी दोन दिवस विचार केला, डोळे उघडे ठेवून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आकाशवाणीच्या गेटबाहेर उभी राहिले. शमीम स्कूटर ढकलत बाहेर आली. तिने “बोला” म्हटलं आणि आवाजावरून मी तिला ओळखलं.

“मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. तुम्ही चोवीसची दुपारची ड्युटी घेऊ शकाल का?”

“का?”

“तांत्रिक कारण आहे. तुम्ही बोललात की आमच्या यंत्रात एक सूर येतो.”

“माझ्या आवाजात असं काय आहे?”

“आवाजात काही नाही.”

“मग दुसरं कोणी बोललं तर येत नाही?”

“नाही.”

“असं कसं?”

“ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय.”

तिने हेल्मेट घालायला उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. समोरून दोन रिक्षा गेल्या.

“मिरजोळ्याला म्हणजे,” ती म्हणाली, “ते बोटींचे रेडिओ बनवतात ती कंपनी?”

“हो.”

“तुमचं स्टोअर कुठे आहे?”

“लॅबच्या पलीकडे. मध्ये प्लायवुड आहे.”

“पातळ?”

“फार पातळ.”

ती हसली नाही. हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि आतून म्हणाली, “चोवीसला पाटणकरबाईंची आहे. त्यांना लग्नाला जायचंच आहे. बदलून घेते.” मग स्कूटर सुरू करून बंद केली. “यंत्राला आणखी काही लागतं?”

“नाही.”

“गोळ्या घेतं का वेळेवर?”

“मला विचारावं लागेल.”

“नको, विचारू नका.”

दुसऱ्या दिवशी मी चाचांना एवढंच सांगितलं की चोवीसला ड्युटी बदलली आहे, असं कानावर आलं. कोणाकडून, ते त्यांनी विचारलं नाही. पेन्सिलीला टोक काढलं आणि चोवीसवर टिंब दिलं.

तपासनीस बरोबर दीडला आले. जाडजूड, शांत, मासे जेवून आलेले. बेर्डे सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पावणेदोनला मी पडदा चालू केला. गवत हलत होतं.

“सूर कुठे आहे?” तपासनीस म्हणाले.

“यंत्र तापायला वेळ लागतो,” सर म्हणाले.

मी भिंतीकडे पाहत होते. पलीकडे पाटी लटकल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. एक वाजून एकोणसाठ. मला सारखं ते स्टूल दिसत होतं.

दोन वाजले. गवतातून काडी वर आली, पंधराशे अठ्ठ्याण्णव, अहवालात होती तेवढीच उंच. सरांनी श्वास सोडला. तपासनिसांनी आलेखावर पट्टी ठेवली, पडद्यावर ठेवली आणि खूण केली.

तेवढ्यात काडी हलली. किंचित डावीकडे सरकली आणि तिथेच थरथरत राहिली.

“सूर सरकतोय,” तपासनीस म्हणाले.

“जिवंत सर्किट आहे,” सर म्हणाले.

मला ठाऊक होतं काय झालं ते. ट्रान्झिस्टरच्या पोटाजवळ माणसाचा हात किंवा डोकं आलं की त्याचा सूर थोडा ढळतो. पलीकडे कोणीतरी सेट टेबलावरून उचलला होता आणि कानाशी धरला होता. तो सगळा वेळ मी पडद्याकडे पाहत होते, आणि पडद्यावर एक माणूस आपल्या मुलीचं ऐकत होता, फक्त रेघेच्या रूपात. तपासनीस आकडे टिपत होते. एसी घरघरत होता. वाटलं, आत्ता कोणी मला हलवून उठवेल.

खोली थंड झाली तसा एसी मधेच थांबला आणि त्या शांततेत प्लायवुडमधून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

“दोन वाजून बारा मिनिटं झाली आहेत. ज्या श्रोत्यांची रक्तदाबाची गोळी जेवणानंतर असते आणि जे ती शर्टाच्या खिशात चार पेनांच्या मागे विसरतात, त्यांनी ती आत्ता घ्यावी. आम्ही थांबतो.”

आणि आकाशवाणी थांबली. पाच सेकंद, सात सेकंद. काडी उजवीकडे सरकून आपल्या मूळ जागी आली, म्हणजे सेट खाली ठेवला गेला. पलीकडे गोळीची पट्टी कुरकुरली. स्टीलच्या बाटलीचं झाकण फिरलं.

काडी परत डावीकडे गेली.

“धन्यवाद,” ती बाई म्हणाली. “आता ऐकू या आंबा मोहोराविषयी माहिती.”

“हे काय होतं?” तपासनिसांनी विचारलं.

बेर्डे सरांनी भिंतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ. त्यांना सगळं कळलं की काहीच नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

“सिम्युलेशनमध्ये नाही,” ते म्हणाले. “म्हणजे काही नव्हतं.”

तपासनिसांनी लिहिलं: ‘अहवालाप्रमाणे.’ खाली शिक्का.

मिक्सर बोटींवर गेला. तिथे शेजारी स्टोअर नव्हतं, त्यामुळे काडीही नव्हती, आणि अहवालापेक्षा चांगलं निघालेलं आमच्या कंपनीचं ते एकमेव उपकरण ठरलं. चुलतभावाने स्टूल विकून टाकलं. चाचा पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. शमीम अधूनमधून भेटते. तिची तक्रार अशी की अब्बा आता घरी तिला बोलूच देत नाहीत, कुठल्या शब्दावर किती थांबायचं हे शिकवत बसतात, आणि मीठ पाहिजे तर सरळ तिच्याकडे मागतात.

आमची लॅब आता नव्या इमारतीत आहे, तांब्याच्या जाळीच्या खोलीत, जिथे बाहेरचं काहीही आत येत नाही. भूत मात्र आहे. मी केलेली फाइल पुढच्या प्रत्येक डिझाइनमध्ये जशीच्या तशी उचलली गेली, आणि ‘अंगभूत परिणाम’ काढून टाकायला कोणीच धजत नाही. कॉम्प्युटरवर काडी रोज उभी असते, रविवारीसुद्धा, रात्रीसुद्धा. ते काही मला बरं वाटत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी रीतसर अर्ज केला आहे. बेर्डे सरांच्या जागी आलेल्या साहेबांच्या टेबलावर तो पडून आहे:

‘प्रति, डिझाइन विभागप्रमुख. विषय: सिम्युलेशनमधील अंगभूत सुराच्या कामाच्या वेळांबाबत. महोदय, सदर सूर सध्या अहोरात्र विनाखंड उपस्थित असतो, हे वस्तुस्थितीस धरून नाही. तरी तो यापुढे महिन्यातून फक्त सहा दिवस, दुपारी दोन ते चार या वेळेतच यावा, तसेच दोन वाजून बारा मिनिटांनी त्याला गोळी घेण्यापुरती सवलत असावी, अशी तरतूद सिम्युलेशनमध्ये करण्यात यावी, ही नम्र विनंती. ड्युटीचा तक्ता सोबत जोडला आहे. पाटणकरबाईंशी अदलाबदल झाल्यास तसे आगाऊ कळवण्यात येईल. आपली विश्वासू, ऋता खातू.’